लॅपटॉप नाही, मोबाइलवर लिनक्स शिकता येईल?

प्रश्न : मी धुळ्यात संगणकशास्त्र शिकते. लॅपटॉप घेणं सध्या शक्य नाही. सी आणि लिनक्सच्या प्रात्यक्षिकांचा सराव फोनवर होईल का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : होईल, बराचसा. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स कर्नलचाच. त्यामुळे टर्मक्स हे ॲप फोन रूट न करताही शेल, क्लँग, पायथन, गिट चालवतं. ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. प्ले स्टोअरवरच्या आवृत्तीत सुविधा कमी आहेत. ‘कॉलेजात जीसीसी आहे, इथे क्लँग,’ हा आक्षेप फारसा टिकत नाही. पॉइंटर, फाइली, फोर्क, पाइप दोन्हीकडे सारखेच. प्रोग्रॅम डाउनलोड फोल्डरात ठेवलात तर मात्र ‘परमिशन डिनाइड’ येईल. तिथून काही चालवायला अँड्रॉइड मनाई करतं. तो टर्मक्सच्या होममध्ये ठेवा.

खरी अडचण शेअर्ड मेमरीच्या प्रात्यक्षिकात येते. जुनी सिस्टिम फाइव्ह पद्धत अँड्रॉइडने मुद्दाम वगळली आहे. प्रूट-डिस्ट्रोने डेबियन बसवलंत, तर प्रूट तिची नक्कल पुरवतं. वेग थोडा पडतो, पण जर्नल पूर्ण होण्याशी मतलब! अँड्रॉइड १२ पासून ३२ हून जास्त उपप्रक्रिया झाल्या की फोन त्या मारतो, म्हणून फोर्कचं लूप आवरतं ठेवा. पडदा लहान हे खरंच. पण टायपिंगचा त्रास ओटीजी केबल आणि साध्या यूएसबी कीबोर्डने जातो.