प्रूफ नाण्याचा भाव: चांदी किती, घडणावळ किती, दुर्मिळता किती?

स्मारक नाण्यावर कोरलेला आकडा आणि त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम यांचा एकमेकांशी जवळपास काहीच संबंध नसतो. आकडा बहुतेक वेळा प्रसंगावरून ठरतो. २०१५मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीनिमित्त १२५ रुपयांचं नाणं निघालं, २०२५मध्ये अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीला ३०० रुपयांचं. कायद्याने हे पैसेच आहेत, पण ती बाजारात फिरण्यासाठी पाडलेली नसतात. म्हणून नवीन संग्राहकाने दर्शनी किंमत बाजूला ठेवावी आणि भाव तीन भागांत फोडून पाहावा: आतली चांदी, टांकसाळीची घडणावळ आणि दुर्मिळतेपोटी मागितले जाणारे जादा पैसे. पहिल्या दोन भागांचा अंदाज कोणालाही काढता येतो. फसगत होते ती तिसऱ्यात.

चांदीपासून सुरुवात करू. हिशेबाच्या सोयीसाठी चांदी ग्रॅमला १०० रुपये धरतो. तुम्ही त्या दिवशीचा सराफाचा भाव घाला. १९८०च्या दशकापासून निघालेली १०० रुपयांची अनेक नाणी ३५ ग्रॅम वजनाची आणि ४४ मिलिमीटर व्यासाची आहेत, पण त्यांत चांदी निम्मीच. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. म्हणजे १७.५ ग्रॅम चांदी, १,७५० रुपये. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचं १,००० रुपयांचं नाणंही ३५ ग्रॅमचंच, मात्र त्यात ८० टक्के चांदी, म्हणून २,८०० रुपये. गांधी जन्मशताब्दीचं १९६९चं १० रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, चांदी ८० टक्के, म्हणजे १,२०० रुपये. रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त २०२४मध्ये निघालेलं ९० रुपयांचं नाणं ४० ग्रॅमचं आणि ९९.९ टक्के शुद्ध आहे, त्यामुळे त्यात जवळपास ४,००० रुपयांची चांदी बसते. ‘चांदीचं नाणं’ एवढ्या दोन शब्दांवर पैसे देऊ नयेत ते यासाठीच. वजन आणि शुद्धता दोन्ही विचारा आणि गुणाकार स्वतः करा.

घडणावळीचे पैसे मात्र मनापासून द्यावेत असे असतात. प्रूफ नाण्यासाठी ठसे आणि कोरी चकती दोन्ही पॉलिश केलेले असतात आणि एकापेक्षा जास्त वेळा दाब देऊन नाणं पाडलं जातं. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी लखलखते, चेहरा आणि अक्षरं दुधट, खरखरीत दिसतात. त्याच नाण्याची यूएनसी, म्हणजे चलनात न फिरलेली, साधी आवृत्तीही मिळते आणि ती स्वस्त असते. पहिली खरेदी करण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून पाहाच. हा फरक डोळ्यांत एकदा बसला की पुढे अनेक हजार रुपये वाचतात.

नवीन नाणं थेट सरकारी टांकसाळीकडूनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या चारही टांकसाळी भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण महामंडळाच्या आहेत. महामंडळाच्या संकेतस्थळावर ठरावीक मुदतीत नोंदणी होते. पैसे आधी भरावे लागतात आणि नाणं हातात यायला काही महिनेही लागू शकतात. पण ते कोऱ्या, मूळ वेष्टनात येतं आणि वस्तूच्या खरेपणाबद्दल शंका उरत नाही. लाकडी पेटी, जीएसटी, टपालखर्च हे सगळं धरून एकूण रक्कम किती होते ते भरण्यापूर्वी पाहून घ्या. संचात एकाहून जास्त नाणी असली तर चांदी नेमकी कोणत्या नाण्यात आहे हेही वाचा. लोकमान्य टिळकांच्या १५०व्या जयंतीला १०० रुपयांबरोबर ५ रुपयांचंही नाणं निघालं होतं. अशा जोडीत धातूची किंमत मोठ्या नाण्यातच असते.

जुनं घ्यायचं तर विक्रेत्याकडे किंवा लिलावात जावं लागतं, आणि तिथे दुर्मिळता हा शब्द फार सैलपणे वापरतात. १९६९चं गांधींचं दहा रुपयांचं नाणं अनेक घरांत देवघरात किंवा कपाटात सापडतं, कारण ते लाखांनी पाडलं गेलं. त्याचे प्रूफ नमुने मात्र हजारांतच आहेत. दोघांतला फरक सालाखाली दिसतो: मुंबईच्या साध्या नाण्यावर चौकटीच्या आकाराची छोटी खूण असते, तर मुंबईच्या प्रूफवर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर. १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर ‘बी’ची जागा ‘एम’ने घेतली. साधं नाणं घासून, चकचकीत करून प्लास्टिकच्या डबीत घालून प्रूफ म्हणून विकलं जातं. भिंगाखाली पाहिलं तर सपाट भागावर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात आणि चेहऱ्यावरची दुधट छटा गेलेली असते. असं नाणं चांदीच्या भावाने घ्या, त्याच्या वर एक रुपयाही नको.

लिलावात बोली लागलेली रक्कम ही शेवटची नसते. समजा १०,००० रुपयांना बोली सुटली आणि लिलाव संस्थेचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन १५ टक्के असलं, तर तिथेच ११,५०० झाले. त्यावर कर आणि टपाल वेगळं. हे दर प्रत्येक संस्थेच्या नियमावलीत छापलेले असतात. ते आधी वाचून उलटा हिशेब करावा आणि बोलीची मर्यादा त्यावरून ठरवावी. परदेशी संस्थेकडून नाण्याला श्रेणी देऊन ते सीलबंद करून घेणं हा आणखी एक खर्च. नाण्याच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जाणार असेल, तर तो करू नका.

सांभाळण्याचा खर्च थोडा आहे, पण तो टाळला तर नुकसान मोठं होतं. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने हिरवट, चिकट थर धातूवर चढतो. म्हणून ॲक्रिलिकची कॅप्सूल घ्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी त्या बदलाव्यातच. नाण्याला बोटं लावायची ती फक्त कडेला, आणि पितांबरी, टूथपेस्ट किंवा चिंच कधीही लावायची नाही. एका घासण्याने प्रूफपणा कायमचा जातो. बँकेच्या लॉकरबद्दलही एक गैरसमज आहे. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते आणि पूर-भूकंपासाठी ती नसते. संग्रह त्याहून मोठा झाला की स्वतंत्र विम्याची चौकशी करा.

‘वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये’ अशा जाहिराती आजही फिरतात. ही ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ची, साध्या चलनातली. विकून देतो म्हणून आधी नोंदणी शुल्क, कर किंवा कमिशन मागणारा माणूस रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह दाखवत असेल, तर फोन ठेवून द्या. बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारांत नसते आणि त्यासाठी कोणतंही शुल्क घेत नाही.

विक्रेत्याकडून घेताना पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न स्पष्ट विचारा: हेच नाणं महिन्याने परत आणलं तर किती द्याल? जो सरळ आकडा सांगतो, तो चांदीच्या किमतीत थोडी भर घालून सांगेल, आणि तुम्ही देत असलेल्या रकमेतला दुर्मिळतेचा भाग किती हे तिथेच कळेल. जो उत्तर टाळतो, त्याच्याकडून फक्त चांदीच्या आसपासच्या भावाचीच नाणी घ्यावीत. पावतीवर साल, टांकसाळीची खूण, वजन आणि ‘प्रूफ’ हा शब्द लिहून घ्या, आणि पावती नाण्याच्या मूळ पेटीतच ठेवा.