आर. के. पुरम ते पुणे: सामान झाकायचं किती रुपयांत?

केंद्र सरकारच्या बदली आणि निवृत्तीच्या प्रवासभत्त्याच्या नियमांत एक ओळ आहे, ती दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात राहणाऱ्या बहुतेकांनी निवृत्तीला सहा महिने उरेपर्यंत वाचलेली नसते. 13 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार वेतनस्तर 12 आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला घरसामानासाठी 6,000 किलोपर्यंत मालगाडी, किंवा एक चारचाकी वॅगन, किंवा एक डबल कंटेनर मंजूर आहे. स्तर 6 ते 11 ला वजन तेवढंच, फक्त कंटेनर सिंगल. स्तर 5 ला 3,000 किलो, त्याखाली 1,500. सेक्टर 4 मधल्या दोन खोल्यांच्या घरातून वॅगन कोण भरणार, असं वाटून लोक ती ओळ ओलांडून पुढे जातात. पण हिशेब तिथूनच सुरू होतो, कारण रस्त्याने नेलं तर परतावा किलोमीटरवर मिळतो: पहिल्या दोन गटांना 50 रुपये, स्तर 5 ला 25, त्याखाली 15. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की हे दर 25 टक्क्यांनी वाढतात, आणि ती पायरी जानेवारी 2024 मध्ये आली.

म्हणजे दिल्ली ते पुणे रस्त्याने साधारण 1,450 किलोमीटर धरले, तर 62.50 च्या दराने मर्यादा होते 90,625 रुपये. स्तर 5 ला 45 हजारांच्या आसपास, त्याखाली 27 हजार. नागपूर 1,050 धरा, वरच्या गटाची मर्यादा 65 हजारांवर येते. प्रत्यक्ष खर्च यापेक्षा कमी असेल तर तेवढाच मिळतो, आणि पावती लागतेच. याशिवाय दुसऱ्या गावी स्थायिक होणाऱ्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या 80 टक्के एकरकमी मिळतात. पॅकिंगचा वेगळा भत्ता नाही. ताडपत्री, खोके, सुतळी, हमाली हे सगळं या एकरकमी पैशातून भागवायचं. सामान निवृत्तीनंतर वर्षभरात हलवायचं, आणि निवृत्तीच्या प्रवासाचं बिल प्रवास पूर्ण झाल्यापासून 180 दिवसांत द्यायचं.

आता बाजार. दोन बेडरूमच्या घराचं सामान दिल्लीहून पुण्याला दुसऱ्याच्या सामानाबरोबर एकाच गाडीतून न्यायचं तर 25 ते 45 हजारांच्या दरम्यान भाव येतात. पूर्ण 14 फुटी गाडी फक्त आपली हवी असेल तर 45 ते 70 हजार. हे आकडे मोसम, मजला आणि घासाघीस यांवर हलतात. मार्च ते जूनमध्ये, बदल्यांच्या आणि शाळांच्या सुट्ट्यांच्या दिवसांत, ते वरच्या टोकाला असतात. तीन ठिकाणचे भाव घ्या, आणि तिघांनाही घरी येऊन सामान बघायला लावा. फोनवर दिलेला भाव गाडी निघाल्यावर ‘माल जास्त निघाला’ म्हणून वाढतो. नावाजलेल्या कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन धंदा करणारे दिल्लीत भरपूर आहेत, तेव्हा बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून खात्री करा. नोंदणी नसलेल्या घरगुती ग्राहकाला ट्रान्स्पोर्टरने दिलेल्या नुसत्या वाहतुकीवर जीएसटी नाही. पॅकिंग-चढवणं-उतरवणं एकत्र करून दिलेल्या सेवेवर 18 टक्के लावतात. म्हणून कोटेशन फोडून मागा: वाहतूक इतकी, पॅकिंग इतकं, विमा इतका. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

पॅकर्सवाला ‘कंटेनर’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बंद पत्र्याची बॉडी असलेला ट्रक असतो. तुघलकाबादच्या डेपोत रेल्वेवर चढणारा जाड पोलादी कंटेनर वेगळा. त्याचा ट्रेलर आर. के. पुरमच्या क्वार्टरांच्या गल्लीत शिरतच नाही, आणि एका घरासाठी तो मागवणं बहुतेकांना परवडतही नाही. पत्र्याच्या बॉडीची गंमत अशी की ती बाहेरून नवी दिसते आणि रिव्हेटच्या ओळीतून गळते. ते तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी दुपारी मागवा, आत चढा, दरवाजे बाहेरून बंद करायला सांगा आणि दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. छताच्या कडेला, कोपऱ्यांत, जिथे टाचणीएवढा उजेड दिसतो तिथून पाणी येणार. दाराच्या रबरात शंभराची नोट अडकवून दार लावा आणि ओढून बघा. सहज सुटली तर रबर मेलेलं आहे. लाकडी फळ्यांवर नाक टेकवा: आधी कांदे होते की रसायनं, लगेच कळतं, आणि तो वास गाद्यांना पुण्यात महिनाभर येतो. ड्रायव्हर हसेल. हसू द्या.

जड मालट्रकना दिल्लीत दिवसा बंदी असते, त्यामुळे बऱ्याचदा सामान आधी ‘छोटा हत्ती’ टेम्पोत जातं आणि शहराच्या कडेला मोठ्या गाडीत बदलतं. सामानाला खरी इजा या बदलीत होते. कोटेशनमध्ये ‘दारापासून दारापर्यंत एकच गाडी’ असं लिहून मिळालं तर दोन-चार हजार जास्त देणं परवडतं. हिवाळ्यात प्रदूषणाचे निर्बंध कडक झाले की जुन्या डिझेल ट्रकना दिल्लीत प्रवेश थांबतो, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत बीएस-6 गाडीच मागा.

आता आच्छादन. उघडी गाडी घेतली तर ट्रान्स्पोर्टर वरची ताडपत्री देतो, तिला भोकं असणार हे गृहीत धरा आणि आतली आपली विकत घ्या. सदर बाजारात ‘तिरपाल’ म्हणून मागा. प्लॅस्टिकची विणलेली, एचडीपीई ताडपत्री जाडीनुसार चौरस फुटाला साधारण 4 ते 8 रुपयांत मिळते. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, अशी सांगतात. 120 ची फाटते, 200 च्या वरची घ्या. पीव्हीसी चढवलेली 15 ते 25, सुती मेणकापडी कॅनव्हास त्याहून वर. 14 फूट लांब, 6 फूट रुंद गाडीला चारी बाजूंनी खाली तीन-चार फूट उतरायला हवं, म्हणजे 20 बाय 14, एकूण 280 चौरस फूट. सहा रुपयांनी 1,680. दोन थर केले तरी 3,360, आणि भाडं पन्नास हजार! तरीही लोक इथेच काटकसर करतात, हे मला कधी उमगलं नाही. वर कोकणात घर असेल तर हीच ताडपत्री पुढे चार पावसाळे पडवीला लागते.

बांधायची पद्धत महत्त्वाची. सामानाच्या मधोमध एक उभार ठेवा, गुंडाळलेली गादी किंवा आडवा बांबू, म्हणजे पाणी साचण्याऐवजी दोन्हीकडे उतरतं. पुढचा थर मागच्या थरावर यायला हवा. उलट झालं तर धावत्या गाडीचा वारा पाऊस थेट आत ढकलतो. कड्यांतून दोरी ओवून वर जाळी टाका.

बंद गाडीतही पाणी येतं, आणि ते पावसाचं नसतं. डिसेंबरच्या धुक्यात सकाळी आठ अंशांवर सामान भरलं, तर लाकडात, गाद्यांत, खोक्यांच्या पुठ्ठ्यात ओल असतेच. दुपारी राजस्थानात पत्रा तापतो, ती ओल हवेत जाते. रात्री पत्रा गार पडतो आणि छताखालून थेंब गळू लागतात. उपाय स्वस्त आहे: सगळ्यात वरच्या थरावर नळीदार पुठ्ठा किंवा जुन्या चादरी पसरा, म्हणजे थेंब तिथेच शोषले जातात. गाद्या मात्र प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करू नका, आतली ओल आतच राहून बुरशी धरते. पैठणी आणि जरीच्या साड्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा, प्लॅस्टिक नको. पावसाळ्यात निघत असाल तर कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या दोन-चार पिशव्या टांगा, काही शे रुपयांचं काम आहे.

मे-जूनमध्ये प्रश्न उलटा. पत्र्याखालची हवा 55-60 अंशांपर्यंत सहज जाते, आणि ‘इन्सुलेटेड गाडी हवी का?’ असं विचारणारे फोन येतात. उत्तर बहुतेक घरांसाठी नाही असंच आहे. इन्सुलेशन थंडावा तयार करत नाही, उष्णता आत यायला उशीर लावतं, एवढंच. चार-पाच दिवसांच्या प्रवासात यंत्र नसलेली इन्सुलेटेड पेटी शेवटी बाहेरच्या दिवस-रात्रीच्या सरासरीवर येते. दुपारची शिखरं कापली जातात हा तिचा फायदा, पण तेवढं काम फुकटात होतं. दिल्लीत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या प्रत्येक मराठी घरात पाच-सहा रजया असतात, पुण्यात त्यांचा उपयोग नाही, टाकवतही नाहीत. त्या सामानाच्या वरच्या थरावर पसरा, नाजूक खोकी मधोमध, जमिनीपासून दोन हात वर आणि पत्र्यापासून लांब ठेवा. सामानाचं स्वतःचं वजनच मधल्या खोक्यांना सावरतं. चांदीचा मुलामा दिलेली बबल-शीट चौरस फुटाला 12 ते 20 रुपये पडते. 14 फुटी गाडीच्या छताला 84 चौरस फूट, म्हणजे हजार-सतराशे. मालक परवानगी देत असेल तर लावा, पण रजयांनी काम भागतं. थर्मोकोलच्या पेट्यांमधले बर्फाचे पॅक एका दिवसात वितळतात, त्यामुळे इन्सुलिन आणि औषधं गाडीत द्यायचीच नाहीत, सोबत न्या. एलपी रेकॉर्ड, कॅसेट, मेणाची चित्रं यांनाही तोच न्याय. तंबोऱ्याच्या तारा सैल करा, भोपळ्याभोवती रजई गुंडाळा आणि तो मधोमध उभा ठेवा.

आणि फळांच्या गाड्यांमधल्या खेळत्या हवेचा धडा घरसामानाला लावू नका. रावेर-सावद्याहून नवी आझादपूरला रेल्वेने येणाऱ्या केळ्यांना हवा खेळती लागते, फळ श्वास घेतं. आपल्या स्टीलच्या कपाटाला ती गरज नाही.

गॅस सिलिंडर न्यायचा नाही. कनेक्शन इथे बंद करून कागद घ्या, तिकडे नव्याने जोडून मिळतं.

ज्यांचं सामान थोडं, चार ट्रंका आणि एक स्कूटर, त्यांना रेल्वे पार्सल स्वस्त पडतं. निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस भुसावळ, मनमाड, पुणे, सातारा, सांगली, मिरज करत जाते, म्हणजे अर्धा महाराष्ट्र एकाच गाडीत. पण पार्सल फलाटावर तासन् तास पडतं, हमाल ते खांद्यावरून खाली सोडतो, म्हणून खोकं चालत नाही. ट्रंक किंवा लाकडी पेटी, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर शिवलेलं गोणपाट, आणि रंगाने दोन्ही बाजूंना नाव-पत्ता. इथे एक आकडा लक्षात ठेवा: मूल्य जाहीर न केलेल्या पार्सलसाठी रेल्वेची जबाबदारी किलोला 50 रुपये, स्वतःच्या तिकिटावर बुक केलेल्या लगेजला 100. चाळीस किलोची ट्रंक हरवली तर 2,000 रुपये. बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर करून टक्केवारीचं शुल्क भरलं तरच जास्त मिळतं.

रस्त्यावरच्या वाहतूकदाराची जबाबदारी, जास्तीचा दर ठरवला नसेल तर, भाड्याच्या दहापट इतकी मर्यादित आहे. त्यावर विम्याचं बोलणं होतं, आणि इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. सामानाच्या किमतीच्या तीन टक्के घेऊन कंपनी आपल्याच लेटरहेडवर ‘इन्शुरन्स’ लिहून देते, तो विमा नव्हे. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक असलेलं प्रमाणपत्र मागा आणि त्यात कलम कोणतं ते बघा. देशांतर्गत वाहतुकीचं ‘ब’ कलम आग, वीज, टक्कर, गाडी उलटणं, रुळावरून घसरणं, पूल तुटणं एवढंच धरतं. ताडपत्रीतून शिरलेलं पाणी त्यात बसत नाही. पाण्यासाठी ‘अ’ कलम लागतं, आणि त्यातही ‘अपुरं पॅकिंग’ हे नाकारायचं कारण असतं. तेव्हा वरचे 3,360 रुपये आणि गाडी भरतानाचे फोटो हे दाव्याचेच भाग समजा.

पुण्यात गाडी लागली की हमाल घाई करतात, ड्रायव्हर सही मागतो. खोकी मोजल्याशिवाय आणि ओली असतील तर ‘भिजलेली, तपासणी बाकी’ असं बिल्टीच्या त्याच कागदावर लिहिल्याशिवाय सही करू नका, त्याच्या प्रतीचा फोटो घ्या. वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत, रेल्वेला सहा महिन्यांत. ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढे जायची वेळ आली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.