आजीच्या टीव्हीसाठी मदरबोर्ड

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपला, हार्डवेअरचा!

मालवणला आमच्या घरी आजोबांच्या दशावतारी नाटकांच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. आजोबा आता नाहीत. कॅसेटींना बुरशी धरू लागली, म्हणून त्या मी हार्ड डिस्कवर उतरवल्या. आजीला त्या टीव्हीवर बघता याव्यात म्हणून मे महिन्यात होम थिएटर पीसी जोडायला घेतला. साठवलेल्या पैशांतून महागडा गेमिंग मदरबोर्ड आणला आणि तीनदा तोंडावर आपटलो. तेच हे तीन धडे.

१) चित्र : बटण दाबलं, पंखे फिरले, टीव्ही ठार काळा! बोर्डवर एचडीएमआयचं सॉकेट होतं, पण ते म्हणजे नुसता दरवाजा. चित्र तयार होतं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये. माझा प्रोसेसर होता आय-थ्री १२१००-एफ, आणि 'एफ' म्हणजे ग्राफिक्सच नाही! शेवटी ग्राफिक्स कार्ड असलेल्या एका हॉस्टेलमित्राच्या साध्या १२१०० शी अदलाबदल केली. आणखी एक बघा. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमच्या वर जात नाही. ६० हव्या असतील तर २०१३ साली आलेलं २.० किंवा त्यापुढचं हवं.

२) आवाज : मी पंखे सरळ एसएमपीएसला जोडले होते, म्हणजे कायम फुल स्पीड. आजी वैतागली, "रे बाबा, ही गिरण बंद कर, माका तेंचो आवाज ऐकाक येणा नाय!" बोर्डवर पंख्यांसाठी चार पिनांच्या निदान दोन जागा हव्यात. मग बायोस तापमान बघून पंखे हळू फिरवतो. बोर्डचा आकारही बघा. मिनी-आयटीएक्स १७ सेंटीमीटर चौरस, दिसायला गोंडस, पण बहुधा महाग. मायक्रो-एटीएक्स २४.४ सेंटीमीटरचा, स्वस्त आणि स्लॉटही जास्त.

३) खारी हवा : हा धडा पुस्तकात नाही. पावसाळाभर मी हॉस्टेलवर, पीसी खिडकीपाशी बंद. गणपतीला घरी गेलो तर बोर्ड मेलेला, पिनांवर हिरवट गंज. मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातला पावसाळा त्याच्या कितीतरी वर! ओलं मीठ वीज वाहून नेतं, मग तांब्याच्या बारीक रेघा खाल्ल्या जातात. चालू पीसी गरम असतो, त्यामुळे ओल बसत नाही. बंद ठेवलेला आधी जातो.

हार्ड डिस्क लावून बघेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तोवर कॅसेटी पार गेल्या होत्या, नाटकांची ती एकच प्रत! ती वाचली. आता दोन प्रती आहेत, एक माझ्याकडे हॉस्टेलवर.

नवा बोर्ड घेतला तो त्याच एलजीए १७०० सॉकेटचा साधा मायक्रो-एटीएक्स. जागा खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला.

तर मंडळी, बोर्ड घेताना खोक्यावरची चित्रं बघू नका. मागची सॉकेटं बघा, प्रोसेसरचं शेवटचं अक्षर बघा, आणि तो कुठल्या हवेत राहणार तेही बघा.

हल्ली तिन्हीसांजेला आजी आधी देवाजवळ दिवा लावते, मग पीसी. तासभर घरात आजोबांचा आवाज घुमतो, आणि बोर्डही सुका राहतो.