मुलाखतीच्या फेऱ्या लांबतात तेव्हा

आमच्याकडे एक आई तिच्या लेकीला घेऊन आली. पोरगी बी.कॉम. झालेली, मोठ्या कंपनीत मुलाखत देणारी घरातली पहिलीच. मोबाईलवर परीक्षा झाली, मग फोनवर बोलणं, मग ऑफिसात दोन मुलाखती. दीड महिना गेला, शेवटची फेरी बाकी होती. सकाळी उठलं की उलटी, छातीत जळजळ, रात्री झोप नाही. आईला वाटलं कावीळ. आम्ही डॉक्टरांकडे नेलं. कावीळ नव्हती, जेवण सुटलेलं आणि पित्त वाढलेलं. पोरगी एवढंच म्हणाली, "घरात सगळे रोज विचारतात, काय झालं? मी काय सांगू?"

कंपनीची मुलाखत एका दिवसात संपत नाही. परीक्षा, गटचर्चा, कामाच्या माहितीची मुलाखत, मॅनेजरची मुलाखत, शेवटी एचआर. निवड झाली तरी कागदपत्रांची पडताळणी आणि मेडिकल राहतंच. मध्ये कित्येक दिवस निरोप येत नाही. कधी साहेब रजेवर असतात, कधी मंजुरी अडकलेली असते. उशीर म्हणजे नकारच, असं नाही.

शरीरात काय होतं?

धास्ती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं. धडधडतं, तळहात ओले होतात, तोंड कोरडं पडतं, पोट ढवळतं. हा दुबळेपणा नव्हे. मुलाखत संपली की ते ओसरतं. पण महिनाभर धास्ती राहिली तर झोप मोडते, जेवण सुटतं आणि माणूस चहावर दिवस काढतो. त्रास त्यातून वाढतो.

काय करायचं?

• कागदपत्रं आदल्या संध्याकाळीच पिशवीत भरा. रात्र जागून अभ्यास नको. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको.

• उपाशीपोटी जाऊ नका. पोहे, भाकरी-भाजी, जे असेल ते खा. तिथे तीन-चार तास बसावं लागतं, म्हणून शेंगदाणे-गूळ आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.

• लघवीला जावं लागेल म्हणून मुली पाणी पीत नाहीत. त्याने लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाथरूम कुठे आहे, हे विचारायला लाजू नका.

• आत जाण्याआधी चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. पाच-सहा वेळा करा.

• निघताना विचारा, "पुढचं कधीपर्यंत कळेल?" ती तारीख वहीत लिहा. तोवर मेल दिवसातून दोनदाच बघा आणि दुसरीकडे अर्ज करत राहा.

मेडिकलची भीती

यात बहुधा रक्त, लघवी, डोळे आणि छातीचा एक्स-रे बघतात. हिमोग्लोबिन बाईचं 12 पेक्षा आणि पुरुषाचं 13 पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. सरकारी दवाखान्यात आधीच तपासून घ्या, म्हणजे उपचाराला वेळ मिळतो. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

घरच्यांनो, हे तुमच्यासाठी

मोबाईलवर मुलाखत असेल तेव्हा टीव्ही आणि मिक्सर बंद ठेवा, लहानग्यांना बाहेर न्या. त्या दिवशी तिच्या वाटचं पाणी भरणं दुसऱ्याने करावं. "काय झालं?" असं रोज विचारू नका, कळलं की ती सांगेलच. नकार आला तर त्या दिवशी शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब काढू नका. जागा थोड्या असतात, अर्ज ढीगभर. नकार त्या एका जागेपुरता असतो.

दोन आठवडे झोप-जेवण नीट नसेल, सारखं रडू येत असेल, तर दवाखान्यात न्या. "जगून काय करू" असं कोणी बोललं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

त्या पोरीला शेवटच्या फेरीत नकार आला. त्या संध्याकाळी आईने काही विचारलं नाही, गरम भाकरी वाढली. पोरगी पोटभर जेवली आणि नऊला झोपली. आता दुसऱ्या एका कंपनीत तिच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत. तिसरीला जाताना डबा घेऊन जाणार, असं तिने आम्हाला सांगितलंय.