चार दारांच्या हेराल्डला दोन दारं

स्टँडर्ड हेराल्ड आपल्याकडे १९६१ साली आली तेव्हा तिला दोनच दारं होती. मूळची ती ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ ची. तिचं रूप जोवान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने आखलं होतं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती इथे बनवायला घेतली. पण आपल्या घरात गाडी म्हणजे सगळं कुटुंब. मागे आजी-आजोबा, त्यांच्या मांडीवर पोरं. दर वेळी पुढची सीट वाकवून मागे शिरणं कुणाला जमणार? १९६८ साली मार्क थ्री काढताना कंपनीने मागेही दारं दिली. चार दारांची हेराल्ड अशी फक्त हिंदुस्थानात झाली. पुढे १९७२ ते १९७७ या काळात निघालेली गझेलही चार दारांचीच.

मला मात्र ती दोन दारांचीच हवी होती. पुढच्या दिव्यापासून मागच्या टोकापर्यंत जाणारी तिची रेघ अखंड दिसावी, एवढंच मनात होतं. हैदराबादमध्ये आबिड्सला चिराग अली लेनच्या आतल्या बाजूला आमच्या घरापुढे शहाबादी फरशीचं अंगण होतं. नव्वदच्या दशकात तिथेच मी एका चार दारांच्या मार्क थ्रीला दोन दारांची करण्याचं काम केलं. मदतीला पत्र्याच्या कामात हयात घालवलेले एक उस्ताद होते. अजूनही कुणी ना कुणी तरुण हे काम विचारायला घरी येतो. त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

१. आधी चासी बघा, मग दारांचा विचार करा.

अँबॅसेडर किंवा पद्मिनी यांना वेगळी चासी नाही. बॉडी हाच त्यांचा सांगाडा. दोन दारांमधला खांब तिथे छत आणि तळ यांना बांधून ठेवतो. तो हलवायचा म्हणजे गाडीच्या ताकदीला हात घालायचा, आणि अंगणातल्या हत्यारांनी ते काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेराल्डची गोष्ट वेगळी आहे. १९५३ मध्ये फिशर अँड लडलो हा बॉड्या बनवणारा मोठा कारखाना बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीने घेतला आणि स्टँडर्ड-ट्रायम्फला अख्खी एकसंध बॉडी करून देणारं कुणी उरलं नाही. म्हणून हेराल्डला स्वतंत्र चासी दिली आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या ठिकाणी करवून बोल्टांनी जोडली. पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, छत वेगळं. बॉनेट तर मडगार्डांसकट पुढे उलटतं. मेकॅनिक खुशाल चाकावर बसून इंजिन उघडतो. छत नसलेली हेराल्डही ब्रिटनमध्ये कारखान्यातूनच निघत होती. म्हणजे भार पेलते ती चासी. आमचे उस्ताद म्हणायचे, "साब, ये गाडी सिली हुई नहीं, बटन वाली है."

चासी आणि बॉडी वेगळी असणं म्हणजे काय, हे हैदराबादकराला चौमहल्ला पॅलेसमध्ये डोळ्यांनी बघता येतं. निझाम मेहबूब अली पाशांनी मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट तिथे उभी आहे. इंजिन-चासी रोल्स-रॉइसची, वरची सिंहासनासारखी बैठक असलेली बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीची. गाडी तयार होऊन येईपर्यंत पाशा हयात नव्हते. त्या काळी गिऱ्हाईक चासी एकाकडून घेई आणि बॉडी दुसऱ्याकडून मनासारखी करवून घेई. हेराल्डमध्ये त्या जुन्या रीतीचा अंश शिल्लक होता, म्हणूनच आमच्यासारख्यांना तिला हात लावता आला.

चासीला आडव्या फुटलेल्या ज्या भुजांवर बॉडी बसते, त्या सर्वांत आधी गंजतात. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. टोक आत गेलं तर दारांचं स्वप्न बाजूला ठेवून आधी त्या भुजा नव्या करा.

२. कागदाचं काम पत्र्याच्या आधी.

मी हे केलं तेव्हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ जुन्या रूपात होतं. काय बदल करणार ते नोंदणी अधिकाऱ्याला आधी लेखी कळवायचं आणि मंजुरी मिळवायची. चित्र काढून, मापं लिहून मी तसा अर्ज केला होता. २००० साली हे कलम बदललं आणि कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराची वाट बंद झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्यानंतर २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. ५० वर्षांवरच्या गाडीला त्यात 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे.

मार्क थ्री गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. तुमच्याकडे धडधाकट, कागदपत्रांसह मार्क थ्री असेल तर माझं हात जोडून सांगणं आहे, तिला करवत लावू नका. फक्त आपल्याच देशात झालेली गाडी आहे ती, आणि थोड्याच उरल्या आहेत. ज्या गाडीचे कागद कधीच गेले, जिचा मागचा अर्धा भाग सडला आहे, जी रस्त्यावर येणारच नाही आणि फक्त आपल्या आवारात उभी राहील, अशा गाडीपुरतंच पुढचं सगळं वाचा.

३. जमीन सपाट आहे असं धरून चालू नका.

शहाबादी फरशी डोळ्याला सपाट दिसते, पण अंगणाला मोरीकडे उतार असतोच. आम्ही गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली. चारी चाकांजवळ चासीखाली लाकडी ठोकळे दिले, आणि नळीतलं पाणी चारी ठिकाणी एका रेघेवर येईपर्यंत ठोकळ्यांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवत राहिलो. मग मापं. पुढच्या खांबाच्या बुडापासून मागच्या खांबाच्या डोक्यापर्यंत तिरकं, दोन्ही बाजूंना. डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत आडवं, वर आणि खाली. डावा पुढचा कोपरा ते उजवा मागचा कोपरा, आणि त्याच्या उलट. ही सगळी मापं भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली. वहीपेक्षा भिंत बरी, कारण हात तेलकट असताना वही कुणी उघडत नाही.

त्यानंतर आधार. एक इंची अँगल पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, एक आडवा आणि एक तिरका, शिवाय डाव्या-उजव्या खांबांना जोडणारा एक. हे अँगल आतल्या अंगाला हवेत, दाराच्या वाटेत अजिबात नकोत. कारण या कामात दार लावून, मिटून, पुन्हा काढून बघावं लागतं. आधारच आड येत असेल तर माणूस कंटाळून तो काढून टाकतो आणि नेमकी तेव्हाच बॉडी तिरपते. उस्तादांचं एकच म्हणणं असे: "पैले नापो, बाद में काटो. जल्दी नक्को."

४. पेट्रोलची टाकी काढा.

हेराल्डची टाकी डिकीत असते, डाव्या अंगाला. ती पूर्ण काढून आवाराच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त भडकते. बॅटरी सोडवायची. गाद्या, छताचं कापड, रबर सगळं बाहेर. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी. यात तडजोड नाही.

५. दोन दारं काढायची म्हणजे उरलेली दोन नव्याने करायची.

पुष्कळांना वाटतं, मागची दारं वेल्ड करून बंद केली, हँडल काढलं, वर लांबी भरून रंग दिला की झाली दोन दारांची गाडी. तसं केलं तर पुढचं दार आखूडच राहतं आणि मागे शिरायला जागा उरत नाही. दार लांब हवं, म्हणून मधला खांब मागे जायला हवा, म्हणून मागचा बाजूचा पत्रा नवा हवा. सगळं काम या साखळीत आहे.

मोडीत निघालेल्या एका दोन-दारी हेराल्डची दारं, त्यांचे खांब आणि बाजूचा पत्रा मला मिळाला. त्यामुळे दार लांबवण्याची, म्हणजे पुढच्या दाराला मागच्या दाराची पट्टी जोडण्याची पाळी आली नाही. तरी जुनं दार जुन्या खांबावर तसंच्या तसं बसेल असं समजू नये. तीस वर्षांत प्रत्येक गाडी आपापल्या परीने वाकलेली असते.

क्रम असा ठेवला: एका वेळी एकच बाजू. नवा खांब जागेवर टाके मारून उभा केल्यावरच जुना कापायचा. दार टांगायचं, मिटायचं, भोवतालची फट लाकडी चिपेने वरून खालपर्यंत तपासायची. चीप एके ठिकाणी अडकली, दुसरीकडे ढिली पडली, तर टाके तोडून पुन्हा. भिंतीवरची मापं पुन्हा बघायची. ती बाजू पक्की झाल्यावर दुसरी.

६. वेल्डिंगची घाई पत्र्याला सोसत नाही.

तेव्हा आमच्याकडे गॅस वेल्डिंग होतं. आता सीओटू वेल्डिंग सर्रास मिळतं आणि पातळ पत्र्याला तेच योग्य. तरी उष्णता ती उष्णताच. सपाट पत्र्याच्या मधोमध सांधा आला की पत्रा पोटासारखा फुगतो. सांधा नेहमी घडीजवळ किंवा काठाजवळ घ्यावा, तिथे पत्रा मुळातच ताठ असतो. उस्ताद एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा पुन्हा मधे असे मारत. दोन्ही बाजूंना ओलं गोणपाट लावलेलं असे. टाका लाल असतानाच खाली डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून वरून हलकी हातोडी. एवढं केलं की लांबीचा थर नखाएवढा पातळ पुरतो. जाड थर उन्हाळ्यात तडकतो, आणि हैदराबादचं मे महिन्यातलं ऊन कुणाची गय करत नाही.

सांधलेल्या जागी त्याच संध्याकाळी रेड ऑक्साईड लावा, आतल्या बाजूलाही. पावसाळा तोंडावर असताना हे काम काढूच नये.

७. लांब दार जड असतं.

बिजागऱ्यांच्या पिना नव्या करून घेतल्या. पुढच्या खांबात बिजागरीमागे जाड पट्टी आतून बसवली, नाहीतर काही महिन्यांत दार लोंबतं आणि कुलूप लागेनासं होतं. दाराची अंतिम बैठक काच, काच वर-खाली करायचं मशीन, आतला पुठ्ठा सगळं बसवल्यावरच पाहायची. रिकामं दार छान मिटतं, भरलेलं खाली येतं. किती उघडावं हे ठरवणारी पट्टीही भक्कम हवी.

आणखी एक गोष्ट आबिड्ससारख्या ठिकाणी राहणाऱ्याने ध्यानात घ्यावी. लांब दाराला उघडायला जागा लागते. रविवारी दुकानं बंद असतात आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. हेराल्डचं दुरुस्तीचं पुस्तक मला तिथेच मिळालं, आणि पुढे त्याच रस्त्याला गाडी लावून मी कितीदा तरी अर्धवट उघडलेल्या दारातून अंग चोरून बाहेर पडलो आहे.

८. काच शेवटी नाही, आधी ठरवा.

मागच्या बाजूच्या काचेचं माप पुठ्ठ्याच्या साच्यावर घ्यावं. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, आधी आकार कापून मग ती तापवून कणखर करतात. साधी काच लावून काम भागवू नये. फुटली तर तिच्या सुऱ्या होतात.

९. मागे कोण बसणार?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो फार थोडे लोक विचारतात. पुढची सीट नुसती पाठ वाकवून भागत नाही, ती बुडातून पुढे कलंडली पाहिजे आणि चालताना खिट्टीने पक्की धरली गेली पाहिजे. १९९१ ची टाटा सिएरा तीन दारांची होती. कुठे मिळाली तर तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसून बघा. हल्लीच्या तीन-दारी थारमध्येही मागे जायला पुढची सीट सरकवावीच लागते. सीटबेल्टच्या पट्ट्याची वरची गाठ खांबावर असते. खांब मागे गेला की तिथे आतून जाड चकती वेल्ड केल्याशिवाय पट्टा लावू नये.

माझी आई तेव्हा साठीपुढची होती, नऊवारी नेसणारी. सीट कितीही पुढे कलंडली तरी वाकून, पाय उचलून आत जाणं तिला अवघड होतं, हे मी आधीच ओळखून होतो. म्हणून पुढची डावी जागा तिची, हे गाडी कापण्याआधी घरात ठरलं, आणि तिच्या बाजूच्या दाराच्या वर आतून धरायला एक मजबूत मूठ मी वेगळी बसवली. सुलतान बाजारला मराठी कार्यक्रमाला निघताना ती मूठ धरून आई सावकाश बसायची, आणि मगच बायको-मुलं पलीकडच्या दाराने मागे जायची. मद्रासच्या कंपनीने मागे दारं का दिली, ते मला तेव्हा नीट समजलं. त्यांचा निर्णय बरोबर होता.

१०. काढलेली दारं भंगारात देऊ नका.

मार्क थ्रीची मागची दारं कुठेच नवी मिळत नाहीत. मी ती पुसून, तेल लावून, काच-मशीनसकट उभी ठेवली होती. काही वर्षांनी अपघातात मागची बाजू गेलेल्या एका मार्क थ्रीचा मालक शोधत आला. त्याला दारं दिली, पैसे घेतले नाहीत. त्याची गाडी चारही दारांसह पुन्हा उभी राहिली.