प्रवासलेखन : शेतीस जोडधंदा होईल काय?

शेतीस जोडधंदा असावा, हे वाक्य आमच्या वाचकांनी इतक्या वेळा वाचले आहे की त्याचा आता वीट आला असेल. दुभती जनावरे, कोंबड्या, मधमाश्या, रेशमाचे किडे ह्यांविषयी पुष्कळ लिहून झाले. अलीकडे मात्र एक निराळाच प्रश्न आमच्यापुढे येऊ लागला आहे, आणि तो बहुधा वडील विचारतात, मुलगा नव्हे. मुलगा पदवीधर झाला आहे. गावोगाव हिंडावयाचे, तेथील वर्णने लिहावयाची, चित्रे घ्यावयाची आणि त्यांवर पोट भरावयाचे असा त्याचा बेत आहे. त्यासाठी तो कॅमेऱ्याचे पैसे मागतो. ते द्यावेत काय?

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चांगला कॅमेरा व त्याचा सरंजाम घ्यावयाचा म्हणजे बरी बैलजोडी घेण्याइतकी रक्कम लागते. ती पीककर्जातून उचलली गेली तर मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसा उरत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, त्या मुलास सरसकट नकार दिला तर तो शहरात जाऊन दहा-बारा हजारांची चाकरी धरतो आणि शेताकडे पाठ फिरवितो. दोन्हींत नुकसान आहे. म्हणून नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांपुरता ह्या धंद्याचा हिशेब मांडून पाहण्याचे आम्ही ठरविले.

आमचे मत आरंभीच सांगतो. ह्यात प्रत्यक्ष लेखनाला मिळणारा पैसा थोडा असतो व तो उशिरा येतो. ते लेखन वाचून जो माणूस आपल्या दारी येतो, त्याच्यापासून होणारी मिळकत त्याहून पुष्कळ खरी. सबब ज्याला दार आहे, विहीर आहे, दोन एकर का होईना हिरवे रान आहे, त्याला हा धंदा शहरातल्या लेखकापेक्षा अधिक साधेल.

लेखनाचा पैसा उशिरा येतो, ह्याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण विष्णुभट गोडसे ह्यांचे. वरसई गावचे हे भिक्षुक 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले. घरचे कर्ज फेडावे एवढाच हेतू होता. ते बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, मिळविलेला पैसा लुटला गेला, आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी घरी परतले. पुढे चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या सांगण्यावरून त्यांनी सर्व हकीकत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक छापून निघाले 1907 साली, आणि ते पाहावयास स्वतः गोडसे हयात नव्हते. आज ते पुस्तक मराठीचे भूषण मानले जाते. पण घरच्या कर्जाला त्याचा उपयोग झाला नाही.

आजची साधने वेगवान आहेत, हे खरे. तरी गणित करून पाहावे. यूट्यूबवर चलचित्रे घालून जाहिरातींचा वाटा मिळवावयाचा तर निदान 1,000 सभासद जमावे लागतात आणि मागील बारा महिन्यांत लोकांनी ती चित्रे एकंदर 4,000 तास पाहिलेली असावी लागतात. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. एक पाहणारा सरासरी पाच मिनिटे थांबला असे धरले, तर 48,000 वेळा कोणीतरी ते चित्र उघडले पाहिजे. आणि एवढे झाल्यावर मिळकतीला केवळ आरंभ होतो. पहिले वर्ष, बहुधा दुसरेही, बिनउत्पन्नाचे जाईल असे समजूनच चालावे. आंब्याचे कलम लावणाऱ्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. मात्र आंब्याच्या रांगांमधून पहिली काही वर्षे जसे भुईमूग वा उडदाचे आंतरपीक घेतात, तसे येथेही काही आंतरपीक असले पाहिजे. ते कोणते, हे पुढे येईल.

आता लिहावे कशाविषयी? येथे आमचे तरुण हटकून चुकतात. वेरूळ-अजिंठ्यावर आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात आणखी एकाची भर घालून कोणाचे काही अडत नाही. उलट आपल्या शिवारापासून दोन तासांच्या वाटेवर जे आहे, त्याविषयी उपयोगी असे दोन पानी टिपणही सापडत नाही. औशाचा किल्ला डोंगरावर नसून खोलगट जागी आहे, भोवतालची जमीन उंच, त्यामुळे दूरची फौज बुरुजावरून दिसे पण फौजेला किल्ला सहज दिसत नसे. ही गोष्ट किती वाचकांस ठाऊक आहे? खरोशाची लेणी जांभ्या खडकात कोरलेली आहेत. उदगीरच्या किल्ल्याशी 1760 सालच्या फेब्रुवारीतील सदाशिवरावभाऊंच्या विजयाचा संबंध आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, कंधारचा खंदकाने वेढलेला भुईकोट, माहूरची रेणुकामाता व दत्तशिखर, पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा, इतके सारे ह्या दोन जिल्ह्यांत आहे.

पण ह्या सर्वांहून मोठा विषय आमच्या मते निराळाच आहे, आणि तो शेतकऱ्याखेरीज कोणास नीट लिहिता येणार नाही. तो म्हणजे वेळ अमावास्या, आपल्या बोलीतली येळवस. मार्गशीर्ष अमावास्येस लातूर शहरातील रस्ते ओस पडतात, दुकाने बंद होतात आणि सारे लोक रानात जातात, हे पुण्या-मुंबईच्या माणसास सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच पांडव, मडक्यातली आंबिल, नाना भाज्या व शेंगांचे दाणे एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि पूजेनंतर उभ्या ज्वारी-हरभऱ्याभोवती आंबील शिंपडीत घातलेला फेरा. शहरातील लेखक येऊन ह्याचे वर्णन करील, पण भज्जीत कोणकोणत्या शेंगा पडतात, आंबिल आदल्या दिवशी कशी लावतात, ज्याचे शेत नाही त्याला शेजारी कसे बोलावून नेतो, हे तो कोठून आणणार? शिवाय एक योग ध्यानात घ्यावा. माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस, म्हणजे येळवशीच्या आदल्या दिवशी सुरू होते, आणि माळेगाव आहे नांदेड-लातूर रस्त्यावरच. एका दिवशी लोहा तालुक्यातील घोड्यांचा, गाढवांचा व लाल कंधारी जनावरांचा बाजार पाहावा, दुसऱ्या दिवशी लातूरकडच्या रानात आंबिल प्यावी, असा दोन दिवसांचा कार्यक्रम मार्गशीर्ष लागण्यापूर्वी कोणी व्यवस्थित लिहून प्रसिद्ध केला तर त्यास वाचक मिळतील, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परगावच्या पाहुण्यास देवणी व लाल कंधारी ह्यांतील फरक चार ओळींत समजावून सांगणारा लेखक तर आम्ही अद्याप पाहिला नाही.

पाहुणे कोठून येणार, असे कोणी विचारील. नांदेडास ते आलेलेच आहेत. गुरू गोविंदसिंहजींनी 1708 साली जेथे देह ठेवला, तेथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनास पंजाबातून व देशोदेशींहून वर्षभर यात्रेकरू येतात. त्यांच्या निवासाची व लंगरची व्यवस्था तेथे उत्तम आहे; त्यात आपण काही भर घालावी असे नाही. उणीव आहे ती एवढीच, की दर्शन झाल्यावर हाती एक दिवस उरला तर जावे कोठे, हे त्यांस कळेल अशा भाषेत कोणी सांगत नाही. म्हणून मराठीत लिहिलेल्या टिपणाचे हिंदी रूप जरूर करावे, आणि पंजाबी जाणणारा स्नेही नांदेडात मिळणे कठीण नाही.

टिपण कसे असावे, ह्याविषयी आमचाच एक फजितीचा अनुभव सांगतो. एका लेखातील रसाळ वर्णन वाचून आम्ही कुटुंबासह सहस्रकुंडास गेलो. महिना वैशाखाचा. शुभ्र फेसाच्या धारा राहिल्या दूर, काळ्या खडकातून पाण्याची एक बारीक ओळ वाहात होती आणि दगड असे तापले होते की पाय ठेववेना. लेखात खोटे एक अक्षर नव्हते; लेखक श्रावणात गेला होता, इतकेच त्याने लिहिले नव्हते. तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की विशेषणे थोडी घालावीत, पण महिना, रस्त्याची स्थिती, शेवटची एस.टी. गाडी, पिण्याचे पाणी, बायकांसाठी शौचकूप आहे वा नाही, आणि म्हाताऱ्या माणसास किती पायऱ्या चढाव्या लागतील, ह्या गोष्टी वगळू नयेत. पाऊस, पेरणी व फवारणीची तारीखवार वही ज्याच्या घरात आहे, त्याला ही सवय नव्याने लावावी लागत नाही.

दोन गोष्टींविषयी सावध करतो. एखाद्या हॉटेलवाल्याने वा मोटारवाल्याने पैसे देऊन स्तुती लिहावयास सांगितली, तर ती मोबदल्याची आहे असे वाचकांस स्पष्ट कळविले पाहिजे. जाहिरात मानक परिषदेने 2021 साली तसे नियमच घालून दिले आहेत. आणि किल्लारीच्या बाजूस जाऊन दुःखाचे प्रदर्शन मांडू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ज्यांची माणसे गेली ते लोक आजही त्या गावांतून नांदत आहेत. त्यांच्या दारातून चित्रे घेत हिंडणे आम्हांस मुळीच पसंत नाही.

आता आंतरपिकाकडे वळू. रायगड जिल्ह्यात नेरळचे सगुणा बाग आणि बारामतीकडे पांडुरंग तावरे ह्यांनी रुजविलेले कृषि-पर्यटन ह्यांची नावे वाचकांनी ऐकली असतील. राज्य सरकारने 2020 साली ह्या धंद्यासाठी धोरण जाहीर केले असून पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. आपल्याकडे आरंभ हुरड्याने करावा. पौष-माघात ज्वारी हुरड्यात आली की रविवारी शहरातील दोन-तीन कुटुंबे बोलवावीत. हिशेब समजण्यापुरते आकडे धरतो. तीन रविवारी प्रत्येकी बारा पाहुणे, माणशी 500 रुपये, एकूण 18,000. त्यांतून घरच्या हुरड्याची किंमत धरून जेवणखाण माणशी 200 प्रमाणे 7,200, दोन मदतनिसांची तीन दिवसांची मजुरी 3,000, मांडव, पाणी व स्वच्छता 1,800 वजा जाता 6,000 रुपये उरतात. रक्कम लहान आहे, परंतु ती पहिल्याच हंगामात हाती येते आणि तिच्यासाठी कॅमेरा लागत नाही. घरच्या हुरड्याची किंमत न धरण्याची आपली जुनी खोड येथे सोडली पाहिजे. ती न धरल्यास नफा फुगलेला दिसतो.

कराची एक बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. लेखनाचे, जाहिरातींचे व पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचे उत्पन्न तसे नाही, मग पाहुणे आपल्याच शेतात का उतरेनात. म्हणून त्याची वही व शक्य तर बँकेतील खातेही वेगळे ठेवावे. त्याचप्रमाणे कोणी प्रकाशक वा कंपनी लेख अथवा चित्रे विकत मागू लागली तर कागद वाचल्यावाचून सही करू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करावयाचा तर लेखी कागद लागतो, आणि त्यात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची मानतात. ‘कायमचा हक्क’ असे शब्द बारीक अक्षरांत असतील, तर ती शेताच्या खरेदीखतासारखीच गोष्ट समजावी.

आता त्या पित्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. ह्या वर्षी कॅमेऱ्याला पैसे देऊ नयेत. खिशातील फोन पुरे. प्रवासखर्चास म्हणून ठरीव रक्कम द्यावी आणि तिचा जमाखर्च मागावा. मुलाने बारा महिन्यांत बारा स्थळांची टिपणे पुरी करावीत, त्यांतील निदान आठ आपल्या तालुक्यातली अथवा शेजारच्या तालुक्यातली असावीत, आणि हुरड्याच्या दिवसांत पाहुण्यांचा एक तरी रविवार स्वतः पार पाडून दाखवावा. एवढे झाले तर पुढल्या दिवाळीस कॅमेऱ्याचा विचार करावा, तोही शिलकेतून, कर्जातून नव्हे. येळवशीविषयी कोणी सभासदाने वर सांगितल्याप्रमाणे टिपण तयार केल्यास ते मार्गशीर्षापूर्वी दोन महिने आमच्याकडे पाठवावे. भज्जीतील शेंगांची यादी मात्र घरातील वडीलधाऱ्या बाईस विचारून, तपासून घ्यावी.