निवड आणि निराशा

महाड-पोलादपूरकडील मुलांचे घोळके शाळा सुटल्यावर रस्त्यांत भेटले, कीं त्यांच्या बोलण्यांत हल्लीं द्वंद्वयुद्धाच्या खेळांचा विषय वारंवार कानीं पडतो. या खेळांत पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर ठाकतात. खेळणाऱ्यानें अनेकांतून एक योद्धा आपला म्हणून निवडावयाचा आणि त्याचे डावपेंच साधून प्रतिस्पर्ध्यास चीत करावयाचें. महिनोन्महिने ज्याच्यावर मेहनत घेतली तो योद्धा मुलाला मग नुसतें चित्र राहत नाहीं. खेळ विक्रीस आल्यावरहि कंपन्या पुढें कांहीं नवे योद्धे तयार करितात आणि निराळी किंमत घेऊन ते इंटरनेटवरून उतरवून घेऊं देतात. कोणता योद्धा यावयाचा हें कंपनी ठरविते. वाट पाहणें तेवढें चाहत्यांच्या वांट्यास येतें.

या वाट पाहण्याचा शेवट कसा होतो, त्याचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगतों. जपानच्या निन्तेंदो कंपनीनें डिसेंबर २०१८ मध्यें 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' हा खेळ काढला. पुढें यावयाच्या पांच योद्ध्यांची एकत्रित विक्रीहि तिनें सुरू केली. मात्र बहुतेकांचीं नांवें त्या वेळीं गुप्तच होतीं. जानेवारी २०२० मध्यें पांचवें नांव फुटलें, तें बायलेथ या पात्राचें. हें पात्र 'फायर एम्ब्लेम' नांवाच्या मालिकेंतलें, आणि त्या मालिकेंतले सात योद्धे खेळांत आधींच होते. चाहते फार नाराज झाले. उलट, आधीच्या आवृत्तीच्या वेळीं २०१५ सालीं चाहत्यांचीं मतें मागविलीं होतीं, त्यांत सर्वांच्या पुढें असलेला सोरा हा योद्धा ऑक्टोबर २०२१ मध्यें, अगदीं शेवटीं आला. सहा वर्षें!

पालकवर्गास हा सारा प्रकार पोरकट वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तो सर्वस्वीं तसा वाटत नाहीं. या निराशेंत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या करून पाहण्याजोग्या आहेत. आपला आवडता आला नाहीं, ही एक. तें दुःख खरें असतें, पण त्यांत कोणाचा अपराध नसतो; निवडणाऱ्यास सर्वांना खूष करितां येत नाहीं. निवड कोणत्या कसोटीवर केली, हा प्रश्न मात्र वेगळा. एकाच घरचे आठ जण पंगतीस बसवावे, किंवा ताट झांकून ठेवून आधीं पैसे घ्यावे, तर त्याचा जाब विचारण्याचा गिऱ्हाइकास हक्क आहेच.

पडद्यावरचा योद्धा वगळला तर त्याला स्वतःला कांहींच वाटत नाहीं. जिवंत माणूस वगळला जातो, तेव्हां कसोटीचा हाच प्रश्न किती जड होतो, हें पाहण्यासाठीं आपल्याच प्रांतांतील शंभर वर्षांपूर्वींच्या क्रिकेटकडे वळूं.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाडास झाला. घराणें चर्मकार जातीचें. आडनांव कोकणांतल्या गांवावरून आलेलें. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत महिना चार रुपये पगारावर ते खेळपट्टीवर रूळ फिरवीत आणि साहेबांना सरावासाठीं गोलंदाजी करीत. फलंदाजीस त्यांना कोणी बोलावीत नसे. डावखुरी फिरकी त्यांनीं या चाकरींतच कमावली. पुण्याच्या हिंदु संघास ही गोलंदाजी हवी होती. म्हणून वादविवाद होऊन अखेर त्यांना घेतलें. परंतु चहाच्या वेळीं इतर खेळाडू मंडपांत पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, फेंकून देण्याच्या मातीच्या भांड्यांत मिळे. त्यांच्या हातचा चेंडू मात्र सर्वांना चाले. याहून चमत्कारिक सोंवळें आमच्या वाचनांत नाहीं.

पुढें बाळू मुंबईस आले. १९०६ सालीं मुंबईच्या हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्या संघांत बाळू आणि त्यांचे बंधु शिवराम होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, तरी बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. अशा खेळाडूकडे हिंदु संघाचें कर्णधारपद यावयास हवें, असें पुष्कळ प्रेक्षकांना वाटे. तें वर्षानुवर्षें दुसऱ्यांकडे गेलें.

१९२० सालीं तर चौरंगी सामन्यांसाठीं निवडलेल्या संघांतून बाळूंचें नांवच गळालें. तेव्हां त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल व शिवराम हे दोघेहि संघाबाहेर पडले, आणि हा जातीचा प्रश्न आहे असें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें. भरांत असलेल्या खेळाडूनें सामना सोडणें म्हणजे काय, हें खेळणाऱ्या मुलांना सांगावयास नको. लोकमत त्यांच्या बाजूनें उभें राहिलें. अंतिम सामन्यास तिघेहि परतले. बाळूंना उपकर्णधार नेमलें, आणि कर्णधार पै यांनीं कांहीं वेळ मैदान सोडून सूत्रें त्यांच्या हातीं दिलीं. एवढेंच. पूर्ण मान आला तो विठ्ठलांना, १९२३ च्या अखेरीस. त्यांच्या कर्णधारपदाखालीं हिंदु संघानें स्पर्धा जिंकली.

महाडच्या वाचकास या हकीकतींतील तें मातीचें भांडें ओळखीचें वाटेल. विठ्ठल कर्णधार झाले त्याच १९२३ सालीं, ऑगस्टांत, मुंबईच्या कायदेमंडळानें सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केल्याचें १९२४ सालीं कागदावर नमूद केलें. पाणी मात्र कोणी घेऊं देईना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनें पाणी प्याले. उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडलें. ठराव आणि ओंजळ यांच्यामधलें अंतर महाडला जसें कळलें, तसें तें बाळूंनाहि कळलें असेल. चेंडू आणि पेला यांच्यामध्यें तें त्यांनीं आयुष्यभर पाहिलें होतें.

विशेष हें, कीं त्याच १९३७ च्या निवडणुकींत मुंबईस बाळू हे काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे होते. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मतें पडलीं. दोन मोठीं माणसें एकाच दुःखावर निरनिराळे उपाय शोधीत होतीं, असें आम्हांस वाटतें. एकाला लहान केल्यानें दुसरा मोठा होत नाहीं.

हिंदु संघाचें कर्णधारपद बाळूंना अखेरपर्यंत मिळालें नाहीं. १९५५ सालीं ते मुंबईस वारले. विठ्ठलांनीं आपली हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे; 'माझें क्रीडाजीवन' हें त्यांचें पुस्तक १९४८ सालीं निघालें. वरच्या वर्गांतील ज्यांना तें ग्रंथालयांत सांपडेल, त्यांनीं तें अवश्य वाचावें.